लेखी खुलासा (कच्चा)

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब, वसमत रोड, परभणी.
विषय : चेहरा हसरा नसल्याबाबत.

चौदा तारखेच्या रात्री, दोन चाळीसला,
माझ्या तोंडावर हसू नव्हतं.
मान्य आहे.

पुण्याचे सर आले होते ट्रेनिंगला, निळा टाय,
आधी हॉटेलवाल्यांना शिकवायचे म्हणे.
आम्हा अकराजणींना दातांत पेन्सिल धरायला लावली.
ओठ वर, डोळे मऊ,
पेशंट म्हणायचं नाही आता, गेस्ट म्हणायचं.
मी धरली पेन्सिल. लाकडाची चव आली,
जिंतूरच्या शाळेत पाढे चुकले की यायची तशी.

मग रात्रपाळी. एकवीस खाटा, दोघी आम्ही,
त्यातली रेणुका पास होऊन तिसरा महिना.

सात नंबरचा मुलगा पॅसेजमधून ओरडला,
"ओ बाई, झोपा काढायलात का?
चार्जर मागून अर्धा तास झाला.
पैसे भरायलोत आम्ही, फुकट नाही आलो."

खरं आहे साहेब, फुकट नाही आले.
मी तेव्हा फाइल ट्यूबलाइटखाली धरून उभी होते.
डॉक्टरांनी इन्सुलिन लिहिलं होतं, चार,
पुढे इंग्रजी यू, घाईतला,
वरून तोंड मिटलेला.
रेणुकाची सिरिंज काठोकाठ भरलेली, चाळीस.
तिनं बरोबरच वाचलं होतं,
दिसत होतं तसं.

मी तिचं मनगट धरलं. ओरडले नाही.
डॉक्टरांना फोन लावला, तीनदा.
तिसऱ्यांदा उचलला. "सिस्टर, एवढ्यासाठी उठवता?"
हो सर, म्हटलं.
मग पलीकडून पंख्याचा आवाज तेवढा,
आणि नंतर : चार. चारच.

भरलेली सिरिंज बेसिनमध्ये सोडली.
पाण्यासारखंच दिसतं ते,
वास तेवढा येतो, फिनाइलच्या लांबच्या नात्यातला.
रेणुका बाथरूममध्ये जाऊन आली.
तिचे डोळे पाहिले आणि तिला
बारा नंबरचं बीपी घ्यायला पाठवलं.
मग चार्जर दिला. माझाच होता.

सात नंबरच्या आजी, गंगाखेडच्या,
सकाळी धपाटं मागतच उठल्या.
"पोरी, नाव काय गं तुझं?"
करुणा हत्तीअंबीरे.
"येवढं मोठं?" म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो.
हे हसू सहा दहाचं. नोंद नाही कुठं.

त्यांच्या मुलाला मी काही बोलले नाही.
काय बोलणार, काही झालंच नव्हतं.
त्यानं मोबाइलवर एक तारा दिला :
स्टाफ उद्धट, हसत नाही, चार्जर उशिरा.
मी उघडून पाहिला तो फॉर्म.
स्वच्छता आहे, चहा आहे, हास्य आहे,
न झालेल्या गोष्टीला रकाना नाही.

पगार कापायचा तर कापा.
'सेवेत कसूर' लिहिलंय, तेवढं खोडा.
सेवा घरी सासूची करते मी, न शिकता.
हे काम अंबाजोगाईला शिकले, साडेतीन वर्षं,
आणि माझ्या सहीखाली नोंदणी क्रमांक असतो.

पक्का कागद लिहिताना
रेणुकाचं नाव काढणार आहे.
डॉक्टरांचंही.
परवापासून ते 'युनिट' पूर्ण अक्षरांत लिहितात,
माझ्याकडे न बघता, पण लिहितात.
ती दोघं गेली की सिरिंज जाते, फोन जातो,
मग उरतं एवढंच :
हसू नव्हतं, मान्य आहे.

कळावे.

ता. क. वॉर्डातल्या बेसिनवर नवा बोर्ड लागलाय,
'आम्हाला किती तारे देणार?'
त्याच्याखाली हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र
चौथीपासून पुढे झाकलं गेलंय.
नव्या मुली तिसरीलाच नळ बंद करतात.
बोर्ड वीतभर सरकवावा, ही विनंती.