सोळाशे पन्नासचा सँडर

लोहाओळीत दुकानदारानं खोक्यावर थाप मारली,
"घ्या बाई, घरगुती कामाले मस्त हाय."
काचेआड साडेसात हजारांचा होता.
त्याच्याकडे पैठणीकडे बघतात तसं बघितलं,
हात न लावता.
गॅरंटी? विचारलं.
"दुकानाच्या पायरीपर्यंत," तो म्हणाला, आणि दोघंही हसलो,
मी जरा कमी.

लाकूड आधीच आणलं होतं लकडगंजातून:
पाडलेल्या कुठल्याशा शाळेचं दार, सागवान,
रंगाचे थर सात, सगळ्यात वर सरकारी हिरवा.
याचं टेबल करणार, म्हटलं.
कोणासाठी, असं घरी विचारलं
तेव्हा सांगितलं, कूलरसाठी.

मे महिना. मानेवाड्याची गच्ची.
साडेपाचला तोंडाला दुपट्टा बांधून सुरू,
आठला बंद, मग कठड्याला हात लागत नाही.
पहिल्या दिवशी ऐंशी नंबरचा कागद चढवला
आणि अंगाचा सगळा भार दिला,
एकोणतीस वर्षं एसटीच्या हिशेबखात्यात
जो कुठेच देता आला नव्हता.
वीस मिनिटांत मशीन तापली,
जळक्या रबराचा वास,
दारावर ओरखडेच ओरखडे, गोल गोल.

खालून सायकलवर दशरथ वाढई चालला होता.
आवाज ऐकून वर आला.
"टिकेल का हो ही?"
त्यानं मशीन पालथी केली, चकती बोटानं फिरवली,
टरबुजाला लावावा तसा कान लावला.
"बेअरिंग हलकी हाय. धुळीची पिशवी त नावालेच हाय.
पन तुमीच दाबून राहिल्या ना बाई तिले.
वजन द्याचं नाही.
धरून राहाचं फक्त, जाते ते आपल्या मनानं."
चहा घेतला नाही. जाताना पायरीवरून म्हणाला,
"दहा मिनिटं चालवा, दहा मिनिटं बसू द्या. तिलेबी, अन् तुमालेबी."

बसले.
कोपरे तिच्या गोल चकतीला पोचत नव्हतेच,
ते तेवढ्यात हातानं घासले.
पिशवी गळून पडायची, तिला ह्यांचा जुना मोजा बांधला.
तरी भुकटी कुठं जायची ते चौथ्या दिवशी कळलं:
निखारेकाकूंच्या कूलरच्या ओल्या वाळ्याला बसत होती.
"आमच्या घरात सागवानाचा वारा येऊन राहिला," त्या म्हणाल्या.
तक्रार होती की कौतुक, आवाजावरून समजेना.

एका रविवारी उशीर झाला, अकरा वाजले,
गल्लीतले सगळे कूलर लागलेले,
मशीनचा आवाज खाली बसला
घसा गेलेल्या कंडक्टरसारखा,
आणि चकतीचा चिकटपट्टा सुटून
एकशेवीस नंबरचा कागद भिरभिरत गेला
थेट काकूंच्या कुरडयांवर.
ती तक्रारच होती.

पट्टा नवा आणला, नव्वद रुपये.
पुन्हा सोळाशे पन्नासात मिळवले, सवयीनं.

मग सातव्या थराखाली,
बिजागरीच्या खाचेशेजारी, पटाशीच्या टोकानं कोरलेलं:
रु. ३८. जमा २४. बाकी १२.
मशीन बंद केली.
अडतीस वजा चोवीस चौदा होतात.
दोनदा केलं, बोटांवरही केलं.
कोण होता, कुठल्या हेडमास्तरनं त्याला राहिलेले दिले का,
आणि दोन रुपये स्वतःच्या हातानं
तो असे कसे विसरला.
तेवढी वीतभर जागा तशीच सोडली.
भोवती दोनशेवीसचा कागद, हातानं, फुंकर मारत.

परवा दशरथनं सायकल न थांबवताच विचारलं,
"हाय का जित्ती तुमची मशीन?"
आहे, म्हटलं. खरखरते.
तिसरा मोजा चालू आहे.
पाय जोडताना एक आखूड झाला, त्याखाली पुठ्ठा आहे,
त्यात मशीनचा काही दोष नाही.

टेबल खिडकीशी लावलंय.
माझी वही, चष्मा, कोपर त्या खाचेजवळ.
कूलर अजून जमिनीवरच आहे.