मागं सर

रिपोर्टात लिहिलंय : कॅल्शियम सात पूर्णांक नऊ.
कमी आहे, डॉक्टर म्हणाले.
मला हसूच फुटलं.
मी येसबा लोणाऱ्याची पोर,
उत्तरेश्वर पेठेत आमच्या घराला
आतून-बाहेरून एकच रंग होता.

दारात हौद. हौदात चुनकळीची ढेकळं,
मुकाट, थंड, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
पाणी पडलं की फुत्कारायची,
भेगाळायची, रटरटायची,
वाफेत बाबा दिसेनासे व्हायचे.
आतून आवाज तेवढा यायचा :
"पाणी घाल, आन् मागं सर."

आमचा चुना गुऱ्हाळावर जायचा,
काहिलीतली मळी वर काढायला.
तोच गूळ परत यायचा
आणि मुरगळलेल्या मनगटांवर
चुन्यातच कालवून बसायचा.
तालमीतली पोरं रांगेनं यायची,
लेप वाळला की हात वर धरून
पांढऱ्या बांगड्या घातल्यासारखी परत जायची.

एकदा शाळेतून आले नि सांगितलं,
बाबा, दुधात पण हेच असतं. बाई म्हणाल्या.
आम्ही गंगावेशीत कट्ट्यावर होतो.
समोर म्हैस, हातात पेला, पेल्यावर फेस.
बाबा फेसाकडं बघत राहिले.
"मग भाजत कसं न्हाई?"
मला उत्तर येत नव्हतं.
नळाला बोअरचं पाणी आलं त्या वर्षी
हंड्याच्या बुडाची पांढरी खपली
त्यांनी नखानं खरवडली, जिभेवर ठेवली,
आणि गाववाला भेटल्यागत म्हणाले,
"हे आपलंच की."

बोटं चुन्यानं खाल्लेली.
रेशनच्या मशिनवर अंगठा उठायचा नाही.
पोरगा म्हणायचा, आजोबा, पुन्हा दाबा.
ते पुन्हा दाबायचे.
मशिनला ते कुणीच नव्हते.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर
राख निवलेली. राखेत तुकडे,
पांढरे, हलके, भट्टीतून काढल्यासारखे.
भावानं तांब्या कलता केला
नि मी चटकन दोन पावलं मागं सरले.
सगळे बघायला लागले.
चुलती म्हणाली, काय गं, चटका बसला?

दूध राखेत मुरलं.
वाफ नाही, आवाज नाही,
काहीसुद्धा उकळलं नाही.

रोज रात्री जेवल्यावर एक गोळी.
खडूची चव.
पाण्याचा घोट घेण्याआधी
मी जराशी थांबते.