ओल्या गोळ्याचं वजन

पंचवीस ग्रॅम मैदा, जेमतेम भिजेल एवढं पाणी.
मळायचा, अर्धा तास झाकून ठेवायचा,
मग नळाखाली मुठीत धरून धुवायचा
पाणी नितळ होईपर्यंत.
मूठ उघडली की उरतो
चिंगमसारखा चिवट, राखाडी गोळा.
त्याच्या वजनावर शिवडीच्या आमच्या गिरणीत
ट्रक आत येतो
किंवा फाटकातूनच वळतो.

गेल्या साली आठ ग्रॅम.
यंदा सहा, फार तर सव्वासहा.
पहिल्यांदा वाटलं, काटा बिघडला.
मग वाटलं, हात.
नेणशीशेठचा मुनीम म्हणाला,
बाई, युरिया मोजून मिळालाय तिकडे, एकरी एक गोणी,
विहिरींत उतरत होता म्हणे.
दाणा बघा, टपोराच आहे.
मी एक चावून पाहिला.
पिठूळ. कट् असा आवाज नाही.

आकडा लिहिला.
निळ्या शाईच्या त्या एका ओळीवर
क्विंटलमागे नव्वद रुपये कापले गेले.
कुणाचे, त्याला रकाना नव्हता.

माझगावात मिनेझिसच्या भट्टीत
लादी फुगत नाही.
पहाटे चारला त्याचा फोन:
"काय धाडलंत हे? माती?"
आता तो परदेशी ग्लुटेनची पावडर घालतो,
केशर घालावं तशी, चिमटीनं,
आणि भाव तोच ठेवून
पाव पाच ग्रॅमनं लहान करतो.
गिऱ्हाइकाला कळत नाही.
शाळेतल्या पोरांना कळतं.
ती अजून एक मागतात.

बाबा चेंबूरच्या कारखान्यात गोण्या शिवायचे.
अमोनियाचा वास धुतलेल्या शर्टालाही.
काय भरता, विचारलं तर म्हणायचे,
काही नाही गं, हवाच भरतो पोत्यात.
मी हसायचे.
दहावीत कळलं, खरंच हवा.

आणि पाव म्हणजे तरी काय,
चिवट जाळ्यात अडकलेली हवा.
जाळंही त्याच गोणीतलं.
हे मी साहेबांना सांगितलं नाही,
ते आयात गव्हाचे दर बघत होते.

रविवारी मिनेझिसची लादी घेऊन घरी गेले.
बाबांनी पाव दाबला, सोडला.
तो परत वर आला नाही.
"आणि विहिरी?" त्यांनी विचारलं.
सुधारतायत म्हणे.
"मग बरंय," म्हणाले,
आणि चहात बुडवला.
अर्धा सुटून तळाशी गेला.
बाबा बराच वेळ चमच्यानं
तो शोधत राहिले.