काटा एचवर

आमच्या मॅटाडोरचं इंजिन दोन सीटांच्या मधे बसतं,
तिसऱ्या माणसासारखं, अंगावर गोणपाट घेऊन.
चौऱ्याऐंशीचं मॉडेल. मूळचा निळा रंग
आता फक्त दारांच्या आतल्या बाजूला उरलाय.

दिवाळीपासून काटा एचवर जायला लागला.
चढाला नाही. चढाला शहाण्यासारखा मधे.
केर्लीच्या पुढच्या उतारावर, खड्ड्यांत,
झटकन उजव्या टोकाला जाऊन चिकटायचा.
मी गाडी बाजूला घ्यायचो,
रेडिएटरचं टोपण फडक्यानं जपून उघडायचो.
पाणी काठोकाठ. ना वाफ, ना फसफस.
तरी अर्धा तास थांबायचो,
मागं गुळाचे छत्तीस रवे, ताडपत्रीखाली मुंगळे,
आणि मार्केट यार्डात सौदा निघून चाललेला.

मी, रंगराव चौगुले.
तीस हंगाम काहिलीपुढं उभा.
बुडबुडा केवढा फुटतो त्यावरून सांगतो, काकवी कधी, गूळ कधी.
थेंब गार पाण्यात सोडून बोटांत गोळी वळतो,
ती ताटलीवर खड्यासारखी वाजली की ओरडतो, उतरा!
थर्मामीटर म्हणून कधी हातात धरला नाही.
तोच मी
बांगडीएवढ्या काचेमागच्या एका सुईला भ्यायलो.

एकानं थर्मोस्टॅट बदलला.
दुसऱ्यानं रेडिएटर उतरवून उकळून आणला.
तिसरा सेन्सर नवा घालून वर म्हणाला,
हेड गॅस्केट असणार, वीस हजार धरून चाला.

मग उद्यमनगर. दोन लेथच्या मधल्या फटीत
इलाही शिकलगारचं दुकान, एक बाकडं आणि एक टेस्ट लॅम्प.
रात्रभर तिथंच लावलेली गाडी.
त्यानं झाकणावर हात ठेवला. गार.
किल्ली फिरवली. काटा सीवर.
मग डॅशबोर्डवर एक बुक्की घातली,
काटा एचवर!
'गार अंगाला ताप कुठला, मामा?'

सेन्सरची वायर काढून हवेत लोंबती सोडली. काटा तिथंच.
'सेन्सर सुटला बिचारा. उगाच बदलला तुम्ही.'
मग मीटरच्या पाठीमागून तीच वायर उपसली,
काटा धपकन खाली.
'मीटर पण सुटला. राहिली मधली.'

मग तो डॅशबोर्डखाली शिरला, तोंडात बॅटरी, पाय रस्त्यावर.
शेजारच्या लेथवाल्यानं येता-जाता त्या पायांवर गप्पा टाकल्या.
कितीतरी वेळानं आतून आवाज आला,
पत्र्याच्या भोकातलं रबर झिजून गेलंय,
वायर घासून घासून तांबं उघडं पडलंय, मुगाएवढं.
'बॉडीला टेकली की अर्थ.
वायरीला भलतीकडंच अर्थ लागत हुता, मामा.'

मला हसू येईना.
मुगाएवढ्या तांब्यासाठी तीन महिने
मी कुणाकुणाला काय काय सांगितलं होतं.
घरात म्हणालो होतो, गाडी विकायची.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वर काळी टेप.
साठ रुपये. मी शंभर दिले, त्यानं चाळीस मोजून परत दिले.

दुसऱ्या दिवशी उतारावर काटा मधे. खड्डा आला, मधेच.
माझा विश्वास बसेना, हात गोणपाटाखाली गेला.
झाकण कोमट, गेली तीस वर्षं असतं तेवढंच.
ते काय पहिल्यांदा सांगत नव्हतं.

समोर आप्पा गुरवाची टपरी आली.
रस्त्याच्या कडेला भरून ठेवलेला पाण्याचा कॅन,
तीन महिने रोज ठेवतो तसा, झाकणाला कापडाची चिंधी बांधून.
म्हाताऱ्यानं हात वर केला.

मी ब्रेक मारला.
'किती तापली आज?'
'लई न्हाई,' म्हणालो,
आणि भरलेल्या रेडिएटरात थोडं पाणी ओतलं.
ते बंपरावरून ओघळून त्याच्या चपलांपर्यंत गेलं.
त्यानं पाय मागं घेतले, आणि चहा टाकला.