दाराजवळची खुर्ची

चौदा वर्षांत नऊ घरं.
सगळ्यांच्या भिंती एकाच रंगाच्या, शिळ्या सायीसारख्या,
आणि एकच नियम: खिळा ठोकायचा नाही.
घर सोडताना तपासनीस यायचा,
ओव्हनच्या आत बोट फिरवून उजेडात धरायचा,
माझ्या संसाराचा डाग राहिलाय का ते बघायला.
विंचवाचं बिऱ्हाड निदान त्याच्याच पाठीवर असतं.
माझं सैन्याच्या ट्रकमध्ये,
आणि सामानाच्या यादीवर सही इलाइसाची.

विंटरफर्डला आलो तेव्हा फेब्रुवारी होता.
माळावरून परतणारे रणगाडे रस्ताभर चिखल सांडत,
आणि त्या चिखलातून आम्ही पलटणीतल्या बायका
बाबागाड्या ढकलत दवाखान्यात जायचो, तीन मैल,
कारण सत्तेचाळीस नंबरची बस बंद झाली होती.
का, ते कुणी विचारलं नव्हतं.
ज्यांना गाव सोडायचंच असतं
ती माणसं गावाच्या बसची चौकशी करत नाहीत.

मी केली. धैर्य वगैरे काही नव्हतं;
टिमोदीला खोकला होता आणि माझे बूट फाटले होते.

नगर परिषदेचे कारकून मिस्टर थ्रिंग
चष्म्यावरून बघत म्हणाले,
"इथे किती दिवस आहात?"
"दोन वर्षं. कदाचित कमी."
त्यांनी वही मिटली. उद्धटपणे नाही,
संध्याकाळी दुकानाची फळी लावतात तशी.
मी सहा वेळा त्यांचा उंबरठा झिजवला.
सातव्यांदा त्यांनीच उमेदवारीचा अर्ज पुढे सरकवला,
बहुधा मला गप्प करायला.

दोन सह्या हव्या होत्या.
पहिली शेजारच्या मॉरागने दिली, कडेवर मूल घेऊन.
दुसरी विनिफ्रेड स्कीटने, वय एक्क्याऐंशी:
"माझ्या नवऱ्याचा तुमच्या सैन्यावर राग होता.
तोफांनी त्याची मेंढरं बिथरायची.
पण बस मलाही हवीय. पेन दे."

आमच्या बेटावर, गावात, सभा चटईवर भरायची.
वरच्या अंगाला सरदार, मग म्हातारे, मग तरुण,
आणि बायका दाराजवळ,
चहा आणायला उठता यावं म्हणून.
आई तिथूनच सगळं ऐकायची
आणि घरी येऊन अख्खी सभा पुन्हा भरवायची,
या खेपेला योग्य निकालासकट.

दारोदार फिरले. एकाने दार अर्धंच उघडून विचारलं,
"तू जाशील बदलीवर. मग आम्ही काय करायचं?"
याचं उत्तर मला आजही नीट येत नाही.
तेव्हा एवढंच म्हटलं,
गेले तरी ओव्हन स्वच्छ करून जाते.
तो हसला नाही. मत दिलं की नाही, ठाऊक नाही.

अकरा मतं जास्त पडली.
निकाल वाचणाऱ्याने माझं नाव वासेमाका केलं;
वासेमादा, मी म्हटलं, माझ्या नावातला सी मऊ आहे.
दुसऱ्यांदा त्याने बरोबर वाचलं,
तेव्हा कुठे टाळ्या पडल्या, दोन-तीन.
इलाइसा एस्टोनियात, बर्फात, फोन तुटत होता.
"कितीने?"
"अकराने."
"रग्बीत बरा फरक म्हणतात याला," तो म्हणाला,
आणि मग फक्त खरखर.

सप्टेंबरात बदलीचा कागद आला. सायप्रस.
ऊन, समुद्र, टिमोदीच्या छातीला बरं.
इलाइसाने तो मीठदाणीखाली ठेवला
आणि आम्ही चार दिवस मीठ न मागता जेवलो.

बस अजून फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी.

आज सभेला आले, बसले दाराजवळच्या खुर्चीवर.
मिस्टर थ्रिंग म्हणाले, पुढची रिकामी आहे.
सवय, मी म्हटलं.
सवय आईची की सततच्या जाण्याची, ते सांगितलं नाही.
बाहेर कुणीतरी ओली बाबागाडी घेऊन घुटमळत होतं,
आत यावं की नाही अशी.
मी पायाने दार सरकवून धरलं.

विषय क्रमांक चार: थांब्याला छप्पर.
कागद पर्समध्ये होता, सही न केलेला.
मी हात वर केला.