आज नऊच युनिट

काच तापायच्या आत, सहा-साडेसहाला,
मोरीच्या भिंतीला शिडी लावते.
कुडाळहून बसवायला आलेला रोहिदास सांगून गेलाय,
उन्हात गार पाणी मारू नका काकी, तडकेल.

सहा काचा, दक्षिणेला मान तुकवून.
बोट फिरवलं की पांढरं येतं.
मिठमुंबरीत कशावरही बोट फिरवा, हेच येतं,
खिडकीच्या गजावर, शिवणयंत्रावर,
ह्यांच्या फोटोवर.

आधी विहिरीचं पाणी मारायचे.
विहीर मचूळ. वाळलं की ठिपकेच ठिपके,
मिठानं मीठ धुतल्यासारखं.
आता नळाचं, आणि नळ दिवसाआड.
दोन कळश्या वर नेते तेव्हा जाऊबाई म्हणतात,
माणसं तहानेली राहूदेत, काचा न्हाल्या पाहिजेत.

माघात वेगळंच.
खालच्या कलमांना मोहोर, मोहोरावर तुडतुडा,
त्याचा तो चिकट गोडवा वाऱ्याबरोबर वर येतो
आणि मिठावर बसतो.
त्यावर धूळ. धुळीवर मुंग्या.
साबण नाही, घासणी नाही,
ह्यांचा जुना सुती लेंगा बांबूला गुंडाळून
हळूहळू, तान्ह्याचं अंग पुसावं तसं.

नटांना गंज धरतो. ग्रीस लावते,
ग्रीस संपलं तर खोबरेल.
रोहिदासला सांगू नका.

चार नंबरवर घार येऊन जेवते.
पेडव्याचं डोकं, काटा, खवले,
आणि वर तिची ती पांढरी रांगोळी.
एकीवर सावली पडली, रोहिदास सांगत होता,
की सगळी ओळच थकते काकी, कळलं?
कळलं म्हटलं.
एकत्र कुटुंबात बावीस वर्षं काढलीत मी.

गौरेश मस्कतला.
त्याच्या फोनवर माझं छप्पर दिसतं.
छप्पर म्हणजे एक रेघ,
सकाळी चढते, दुपारी टेकडी, सांजेला समुद्रात.
कार्तिकात मी तापानं पडले, शिडी लागली नाही.
सहाव्या दिवशी त्याचा फोन:
"आये, रेघ खाली इली. बरी आसस मां?"
त्याआधीचा फोन गणपतीतला.

तेव्हापासून
महिन्यातून एखादा दिवस
मी घारीचं पुसत नाही.
पाच काचा लख्ख करते,
चौथी तशीच, काट्यासकट.
कॅलेंडरवर लिहिते, आज नऊच.
दिवसभर फोन ओट्यावर, आवाज मोठा करून.
कुकरची शिटी झाली तरी दचकते.

वाजतो.
"आये, वर कायतरी बसलाहा काय गे?"
"घार," मी म्हणते. "पेडवो खाई होती."
"मगे पूस मां."
"फाल्या. आता ऊन तापलाहा."

रात्रीचे सव्वाआठ.
तो काही बोलत नाही.
फोनही ठेवत नाही.