तिसरी फळी

माझं छत म्हणजे नाझिब्रोलाची जमीन.
कुताइसीच्या या लाकडी घरात बत्तीस वर्षं
मी तिला डोक्यावर चालताना ऐकलंय,
आणि तिनं माझी भांडणं पायाखाली.

आता तिच्या नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग आहे,
तव्यावरच्या करपलेल्या जागेसारखा.
कडेकडेनं थोडं दिसतं: पडद्याची झालर, माझा एक कान.
आणि गेल्या साली अक्रोड झोडपले तेव्हापासून
त्या डागात माणसं येऊन बसतात.
वीतभर उंच, हिरव्या कोटातली, गप्प.
चाळीस वर्षं ऑपेराचे पोशाख शिवलेली बाई ती,
म्हणाली, "काजं कुणी केलीत कोण जाणे,
पण हात चांगला आहे."

डॉक्टर मेराब म्हणाले, वेड नाही हे, आजी.
डोळा काही पाठवत नाही
आणि मेंदूला कोरा कागद सोसवत नाही,
मग तो आपला चित्रं काढत बसतो.
"आणि डोळा पाठवत होता
तेव्हा चित्रं कोण काढत होतं?"
डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. दिवसातून तीनदा.

तिनं स्वतःपुरता एक कायदा केला.
दारातून आत आलं की तिसरी फळी,
नवरा होता तेव्हापासून सैल.
जो ती वाजवील तो खरा.
पोस्टमन खरा.
पाच किलोचा बोका, जेमतेम खरा.
स्वयंपाकघरातला पांढरा घोडा खोटा,
तरी त्याला वळसा घालूनच ती चुलीकडे जाते.
"खोटा असला म्हणून काय धक्का मारायचा?"

मी हसले.
त्याच संध्याकाळी जिन्याची शेवटची पायरी
तिला दिसली नाही,
पण तिची नडगी पायरीला बरोबर दिसली.
काळंनिळं दाखवत म्हणाली,
"जग मनात असतं म्हणणाऱ्यांना
इथं हात लावायला पाठव."

एप्रिलमध्ये एलगुजा आला.
अकरा वर्षांनी, पोलंडहून, न कळवता,
नखांत सिमेंट, हातात फुगलेली बॅग.
उंबऱ्यावरच थांबला. शब्द सुचेना त्याला.
ती पीठ मळत होती. मान तिरकी करून बघितलं.
"आज मोठ्या मापाचा आलाय," स्वतःशीच म्हणाली,
"खांद्यात मात्र चुकलाय कोट,"
आणि त्याला वळसा घालून पाणी घ्यायला गेली.

मी त्याच्या मागे जिन्यात उभी, बगलेत पाव.
पंचेचाळीस वर्षांचा माणूस
घोडा होताना बघितला मी.

मग त्यानं पाऊल टाकलं.
फळी वाजली.
घागर तिथंच राहिली, पिठाचे हात तिथंच राहिले हवेत,
आणि मग ते त्याच्या कॉलरवर होते, मानेवर, कानांवर,
शिंप्यासारखे माप घेत.

एकोणीस दिवस राहिला. चुलीचं धुराडं साफ केलं,
फळी ठोकू का विचारलं,
ती एवढी ओरडली की मी खालून ऐकलं.
मग गेला.

गेला, असं मी म्हणते.
ती म्हणते, बसलाय की खिडकीशी.
मी कायद्याची आठवण करून दिली.
"हलका झालाय," म्हणाली. "तिकडे खायला घालत नाहीत."
तरी दुसरं ताट मांडते. थंड झालं की
बोक्याला घालते, आणि बोका
आता फळी चांगली वाजवतो.

परवा मी फोन केला, ग्दान्स्कला.
म्हटलं, तुझी आई सांगते तू इथंच आहेस,
बोलत नाहीस, जेवत नाहीस.
खूप वेळ त्याच्या मागे कुठलंसं यंत्र घरघरत राहिलं.
मग त्यानं विचारलं,
"काय घातलंय मी?"

फोन घेऊनच वर गेले. विचारलं.
निळा शाळेचा शर्ट, म्हणाली, वरचं बटण तुटलेलं.
मांडीवर सुई होती, दोरा ओवलेली.
त्या डोळ्यांनी कसा ओवला असेल.

त्याला सांगितलं, शर्ट. निळा.
बटणाचं नाही सांगितलं.